‘केलं’, ‘करलं’ आणि नॉर्वेतली क्रियापदं



आजच्या भागात इतिहास आहे, पण राजे आणि लढायांचा नाही. क्रियापदांचा आहे. घाबरू नका, शाळेतलं व्याकरण काढत नाही. सुरुवात आमच्या घरात घडलेल्या एका छोट्या गोष्टीपासून करते.

माझी मुलगी सात वर्षांची असतानाची गोष्ट. आम्ही नॉर्वेत, स्ताव्हांगरला राहतो. रविवारी आजीला व्हिडिओ कॉल असतो. त्या दिवशी पोरीने मोठ्या उत्साहात सांगितलं, “आजी, मी सगळं होमवर्क करलं!” पलीकडे आत्या, काका, भावंडं असे सगळे जमलेले. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. “करलं नाही गं, केलं! परदेशात मराठी पार विसरली की ही!” कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढचे दोन-तीन रविवार ती कॉलवर आली, हात हलवला आणि उठून गेली. मी कारण विचारलं, तर नॉर्वेजियनमध्ये म्हणाली, “मला चुकायचं नाही.”

मला ते चटकन कळलं, कारण मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे मुलीसुद्धा “मी आलो”, “मी जातो” असंच म्हणतात. आई तसं म्हणायची, मीही म्हणायची. एमबीएला पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात वसतिगृहात हशा झाला. “आलो काय? तू मुलगा आहेस का?” महिनाभरात मी “आले”, “गेले” शिकले. इतकी पक्की शिकले, की आता माहेरी फोनवर बोलतानाही “आले”च तोंडात येतं.

आयटीतल्या नोकरीसाठी नॉर्वेत आल्यावर एका मीटिंगमध्ये मात्र मी चमकले. समोर ओस्लोचा क्लायंट, आमच्या बाजूला तेलेमार्ककडचा एक सहकारी. “मी येतो” याला क्लायंट म्हणत होता “याय कोम्मेर”. आमचा सहकारी म्हणत होता “एग श्येम”. सर्वनाम वेगळं, क्रियापद वेगळं. मी मनात म्हटलं, आता कुणीतरी हसणार. कुणी हसलं नाही. मीटिंग संपेपर्यंत दोघं आपापल्या बोलीत बोलत राहिले. जेवताना मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आमच्या गावाकडे असंच म्हणतात.” त्याला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले.

तर आता थोडं मागे जाऊ, सुमारे आठशे वर्षं.

तेव्हाच्या नॉर्वेत जी भाषा बोलत, तिला आज जुनी नॉर्स म्हणतात. तिच्यात क्रियापद मराठीसारखंच कर्त्याप्रमाणे बदलायचं. ‘फेकणे’ घ्या. मी फेकतो म्हणजे ‘कास्ता’, तू फेकतोस म्हणजे ‘कास्तार’, आम्ही फेकतो म्हणजे ‘कॉस्तुम’, तुम्ही फेकता म्हणजे ‘कास्तिद’. आज ओस्लोत मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, सगळ्यांना एकच रूप: ‘कास्तेर’. आमच्या स्ताव्हांगरमध्ये तर शेवटचा ‘र’ही गळला. इथे नुसतं ‘कास्ते’ म्हणतात.

ही सगळी रूपं गेली कुठे? एका दिवसात गेली नाहीत. जुन्या नॉर्समध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर असे, त्यामुळे शेवटची अक्षरं हळूहळू झिजत होतीच. त्यात १३४९ मध्ये प्लेग आला. नॉर्वेतली निम्मी, कदाचित त्याहूनही जास्त माणसं गेली. त्यांच्याबरोबर जुन्या पद्धतीने लिहिणारे बरेच लेखनिकही गेले. बर्गनमध्ये जर्मन हान्सा व्यापाऱ्यांचा जम बसला आणि बाजारात दोन भाषांचे लोक रोज एकमेकांशी व्यवहार करू लागले. अशा ठिकाणी बारीकसारीक प्रत्यय टिकवणं अवघड असतं. पुढे राज्य डेन्मार्ककडे गेलं आणि लिहायची भाषा डॅनिश झाली. नॉर्वेजियन राहिली ती फक्त लोकांच्या तोंडी, प्रत्येक दरीत वेगळी.

दरी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नॉर्वेचा नकाशा पाहिलात तर डोंगर आणि समुद्राच्या चिंचोळ्या फाटी दिसतील. एका दरीतून दुसरीत जायला पूर्वी कित्येक दिवस लागत. त्यामुळे किनाऱ्यावर जे रूप शतकांपूर्वी गेलं, ते आतल्या दरीत टिकून राहिलं. हालिंगदालसारख्या भागात जुनी माणसं विसाव्या शतकातही एकवचनाला एक आणि अनेकवचनाला दुसरं क्रियापद वापरत. गंमत म्हणजे शेजारी स्वीडनमध्ये नेमकं उलटं झालं होतं. तिथे बहुतेक लोकांच्या बोलण्यातून अनेकवचनी क्रियापद कधीच गेलं होतं, पण छापील भाषेत ते १९४५ पर्यंत टिकलं. त्या वर्षी तिथल्या वृत्तसंस्थेने ते सोडलं आणि वर्तमानपत्रांनीही सोडलं. डेन्मार्कच्या शाळांनी १९०० मध्येच ती सक्ती काढली होती.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. तुमच्यापैकी ज्यांना शाळेत वृत्तं होती, त्यांना लघु-गुरू आठवत असेल. पूर्व नॉर्वेतल्या बोलींमध्ये क्रियापदाचं मूळ रूप दोन प्रकारचं आहे. ‘असणे’ला ‘वेरा’, शेवटी आ. ‘फेकणे’ला ‘कास्ते’, शेवटी ए. जुन्या भाषेत दोन्हींच्या शेवटी आ होता. मग एकात टिकला आणि दुसऱ्यात का झिजला? कारण लघु-गुरू! ‘वे-रा’मध्ये पहिलं अक्षर तेव्हा लघु होतं, सगळा जोर त्याला पेलत नव्हता, म्हणून थोडा जोर दुसऱ्या अक्षराला मिळाला आणि आ वाचला. ‘कास्-ता’मध्ये पहिलं अक्षर गुरू, सगळा जोर त्यानेच घेतला, म्हणून शेवटचा आ झिजून ए झाला. आमुन्द लार्सेन नावाच्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा समतोलाचा नियम मांडला. आज त्या भाषेत तशी लघु अक्षरं जवळपास उरलेली नाहीत, पण कुठल्या शब्दाच्या शेवटी आ आणि कुठल्या शब्दाच्या शेवटी ए, हे खेड्यातल्या आजीबाईला बरोबर ठाऊक असतं. नियम तिला कुणी शिकवलेला नसतो. ओस्लो शहरात मात्र आता सगळ्यांनाच ए लागतो.

दुसरी गोष्ट सुराची. नॉर्वेजियनमध्ये शब्दांना दोन सूर असतात. जुन्या एकाक्षरी शब्दांचा एक, दोन अक्षरी शब्दांचा दुसरा. माझ्या सहकाऱ्याचं ‘श्येम’ हे ‘येतो’चं जुनं एकाक्षरी रूप. शहरात त्याचं ‘कोम्मेर’ झालं. मूळ क्रियापदातला स्वर आला, एक अक्षर वाढलं, सगळं नियमित दिसू लागलं. पण ओस्लोकर ते आजही जुन्या एकाक्षरी शब्दाच्या सुरातच म्हणतो! ‘कास्तेर’ला मात्र दोन अक्षरी सूर. आम्ही आयटीवाले जुनी सिस्टीम बदलतो तेव्हा खाली कुठेतरी जुना कोड चालूच राहतो. इथेही तसंच आहे.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? त्याचं मोठं श्रेय एका शेतकऱ्याच्या मुलाला जातं. ईवार ओसेन, जन्म १८१३, पश्चिम किनाऱ्यावरच्या ओर्स्ताचा. विद्यापीठाचं शिक्षण नाही, स्वतःच शिकलेला. त्रोन्हाइमच्या विज्ञान संस्थेने त्याला पैसे दिले आणि १८४२ ते १८४६ अशी वर्षं तो देशभर फिरला. लोकांच्या घरी जायचा, ऐकायचा, लिहून घ्यायचा. १८४८ मध्ये त्याचं लोकभाषेचं व्याकरण आलं, १८५० मध्ये शब्दकोश. ज्या बोलण्याला शहरातले लोक गावंढळ म्हणत, त्यात नियम आहेत आणि ते जुन्या नॉर्सपर्यंत पोचतात, हे त्याने दाखवून दिलं. त्यातून त्याने एक नवी लेखी भाषा उभी केली. तिला १८८५ मध्ये संसदेने समान दर्जा दिला. तिलाच आज न्यूनोर्स्क म्हणतात. डॅनिशमधून हळूहळू बदलत आलेली दुसरी लेखी भाषा म्हणजे बूकमोल.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो १८७८ चा ठराव. संसदेने ठरवलं, की शाळेत शिकवणं शक्य तितकं मुलांच्या स्वतःच्या बोलीत व्हावं. लिहायला प्रमाण भाषा शिका, पण बोलणं घरचंच राहू दे. माझ्या सहकाऱ्याला “एग श्येम” म्हणताना अवघडल्यासारखं वाटत नाही, त्यामागे ही परंपरा आहे.

म्हणजे नॉर्वेत भांडणं झाली नाहीत असं नाही. ‘फेकलं’ला पूर्व ओस्लोतला कामगार ‘कास्ता’ म्हणे, पश्चिम ओस्लोतला साहेब ‘कास्तेत’. शेवटच्या आवाजावरून माणूस शहराच्या कुठल्या बाजूचा ते कळायचं. १९३८ च्या सुधारणेने शाळेच्या पुस्तकांत ‘आ’वाली रूपं खूप वाढवली, नामांत आणि क्रियापदांत. १९५० च्या दशकात पालक चिडले. चार लाखांहून अधिक सह्या जमल्या. काही पालकांनी तर मुलांच्या पाठ्यपुस्तकांत पेनाने दुरुस्त्या केल्या. अखेर १९८१ मध्ये जुनी रूपं पुन्हा मोकळी झाली. आज बूकमोलमध्ये ‘कास्ता’ही चालतं आणि ‘कास्तेत’ही.

आता मुलीच्या ‘करलं’कडे वळते.

मराठीत ‘बस-बसला’, ‘हस-हसला’ ही सरळ क्रियापदं. ‘कर-केलं’, ‘जा-गेला’, ‘ये-आला’ ही वाकडी. नॉर्वेजियनमध्येही असेच दोन गट आहेत. आतला स्वर बदलणारी क्रियापदं, जसं ‘पिणे’चं ‘द्रिक्के’ आणि ‘प्यालं’चं ‘द्राक्क’. यांना व्याकरणात बलवान म्हणतात. आणि नुसता प्रत्यय लागणारी दुबळी, जसं कास्ते-कास्ता. ही नावं जर्मन पंडित याकोब ग्रिमने दिली, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी मोठा तो.

नावं काहीही असोत, इतिहासात जिंकतात बहुधा दुबळीच. ‘खणणे’ म्हणजे ‘ग्रावे’. त्याचं जुनं भूतकाळी रूप ‘ग्रूव’, आता त्याच्या जोडीला सरळ ‘ग्रावदे’ आलं आहे. बाहेरून येणारा नवा शब्द तर थेट दुबळ्या गटात जातो. ‘गूगल केलं’ला नॉर्वेजियन माणूस ‘गूगला’ किंवा ‘गूगलेत’ म्हणतो. क्वचित उलटंही होतं. ‘लिहिणे’ हे क्रियापद जुन्या नॉर्समध्ये सरळ होतं. जर्मन व्यापाऱ्यांच्या भाषेच्या प्रभावाने ते बलवान झालं, आणि आज सगळे ‘स्क्रीवे’चं ‘स्क्रेव’ करतात. मूळचं ‘चुकीचं’ रूप आज शाळेत शिकवतात!

मग वाकडी क्रियापदं टिकतात तरी कुठली? जी रोज लागतात ती. असणे, येणे, जाणे, देणे, घेणे. इंग्रजी ही नॉर्वेजियनची चुलत बहीणच. तिच्यावर २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, तर त्यांतली आज ९८ अनियमित उरली आहेत. आणि जे क्रियापद शंभर पट कमी वापरलं जातं, ते दहा पट वेगाने सरळ होतं, असा हिशेब निघाला. थोडक्यात, वाकडं रूप कानावर सतत पडत राहिलं तर राहतं. कुणी ते शुद्ध ठरवलं म्हणून राहत नाही.

मुलंही हेच करतात. ‘जाणे’ म्हणजे ‘गो’, आणि ‘गेला’ म्हणजे ‘यिक्क’. नॉर्वेजियन लहान मुलं बिनधास्त ‘गोद्दे’ म्हणतात. आपल्या ‘जाला’सारखंच ते. १९९९ मध्ये राग्नार्स्दोत्तिर, सिमोन्सेन आणि प्लंकेट यांनी नॉर्वेजियन आणि आइसलँडिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार, सहा आणि आठ वर्षांची मुलं होती. वयाबरोबर चुका कमी होत जातात, आणि त्या कशाही होत नाहीत, त्यांना दिशा असते, असं त्यांना दिसलं. मूल आधी नियम पकडतं आणि मग तो सगळीकडे लावून पाहतं. ‘करलं’ म्हणणाऱ्या मुलीने ‘बसलं’, ‘हसलं’, ‘धरलं’ नीट ऐकून त्यातला नियम काढलेला असतो. मराठी विसरलेल्या मुलाला ‘करलं’ सुचणारच नाही.

आता शेवटचा प्रसंग, आणि तो आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांचा आहे. १८२५ च्या जुलैमध्ये ‘रेस्ताउरासियोन’ नावाचं छोटं गलबत अमेरिकेला निघालं, ते याच स्ताव्हांगरहून. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. एका दरीतले लोक तिकडेही शेजारी शेजारी वसले. त्यांच्या भाषेचा मोठा अभ्यास केला एइनार हाउगेन यांनी. त्यांचा जन्म १९०६ मध्ये आयोवातल्या सू सिटीचा, आईवडील नॉर्वेतल्या ओपदालचे. लहानपणी काही वर्षं ते ओपदालला राहूनही आले होते. १९५३ मध्ये त्यांचा दोन खंडी ग्रंथ आला. त्यात दिसतं, की या लोकांनी इंग्रजी क्रियापदं भरपूर घेतली, पण त्यांना आपले प्रत्यय लावले. शेती केली म्हणजे ‘फार्मा’. अगदी अलीकडे ओस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या म्हाताऱ्या वंशजांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. कधी नॉर्वे न पाहिलेली तिसऱ्या-चौथ्या पिढीची माणसं, पण भूतकाळाचे प्रत्यय बरेचसे जागच्या जागी.

तरीही ती भाषा तिकडे संपली. प्रत्यय बिघडले म्हणून नाही. पहिल्या महायुद्धात परक्या भाषांकडे संशयाने पाहायला लागले. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक ठिकाणी, अगदी फोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. बंदी काही महिन्यांत उठली, पण लोक बिचकले. प्रार्थना इंग्रजीत होऊ लागल्या, आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलू लागले. शेवटच्या पिढीला व्याकरण येत होतं. ती बोलणार कुणाशी, हाच प्रश्न होता.

हे वाचलं तेव्हा मला व्हिडिओ कॉलवरून उठून जाणारी माझी मुलगी आठवली. ‘करलं’ने मराठीचं काही बिघडत नव्हतं. ती गप्प झाली, तिथे बिघडत होतं.

आणि ‘केलं’ची तर काळजीच नको. नॉर्वेजियन माणूस इंग्रजी क्रियापदाला प्रत्यय लावतो, आपण ‘करणे’ जोडतो. पार्क केली, डाउनलोड केलं, कॅन्सल केलं. जितकं इंग्रजी घुसतं, तितकं ‘केलं’ जास्त कानावर पडतं! धोका आहे तो ‘न्हाली’, ‘भ्यालो’, ‘ल्याली’ यांना. ती घरात कुणी म्हणतच नाही. ती हवी असतील तर मुलांना दुरुस्त करून येणार नाहीत, आपण म्हणायला लागू. मी हल्ली मुद्दाम “न्हालीस का?” विचारते.

घरच्यांना मी फोन करून एवढंच सांगितलं, की हसू नका, तिचं वाक्य संपलं की आपल्या उत्तरात बरोबर रूप वापरा. आजीला ते लगेच कळलं. पुढच्या रविवारी पोर म्हणाली, “मी चित्र करलं.” आजी म्हणाली, “अगंबाई, चित्र केलंस? कशाचं केलंस? दाखव बघू.” आता ती नऊ वर्षांची आहे आणि ‘केलं’ म्हणते. कधी बदललं ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझं ‘आलो’ मात्र परत येताना अडखळतं. वीस वर्षांची सवय आहे. पण सराव चालू आहे. तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. येतो मी.